माता-नायिका

माता-नायिका : जिच्या निर्णयांवर कथानक पुढे सरकते आणि त्याच वेळी जिच्यावर मूल अवलंबून असते, अशी मध्यवर्ती स्त्री-व्यक्तिरेखा. दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. नायकाला दारातून निरोप देणारी आई या व्याख्येत बसत नाही. मुलासाठी प्राण देऊन पहिल्याच प्रकरणानंतर आठवणीत जमा होणारी आईही बसत नाही. अद्भुतरम्य साहित्यात या दोन्ही प्रकारच्या आया भरपूर आहेत, खऱ्या माता-नायिका मात्र मोजक्याच.

साहसकथेचा साचा आईला मुळातच गैरसोयीचा आहे. त्यात घर सोडावे लागते, आणि घर सोडणाऱ्याच्या मागे कोणी रडणारे नसलेले लेखकाला बरे पडते. नायक लहान मूल असेल तर आई जिवंत असणे हीच अडचण होते, कारण ती त्याला रात्री रानात जाऊ देणार नाही. म्हणून अनाथ नायकांचे एवढे पीक. दुसरी पळवाट सावत्रपणाची. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडायला लावणारी बाई सावत्र व्हायला १८४० साल उजाडले. सख्ख्या आईला असे धुऊन पुसून देव्हाऱ्यात बसवले की तिला राग, भूक, मत्सर काहीच उरत नाही, आणि या गोष्टींवाचून नायिका घडत नाही.

जुन्या कथा या बाबतीत अधिक मोकळ्या होत्या. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या स्तोत्रात धान्याची देवी डिमीटर पळवून नेलेल्या मुलीला नऊ दिवस मशाली घेऊन, अन्नाला न शिवता शोधते. शोध लागल्यावर ती युद्ध पुकारत नाही. धान्य उगवण्याचे आपले काम ती बंद करते. माणसे उपाशी मरायला लागतात, देवांचे नैवेद्य थांबतात आणि देवांचा राजा झ्यूस याला नमते घ्यावे लागते. ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात नायकाने मारलेल्या ग्रेंडेल या राक्षसाची आई मुलाच्या सुडासाठी एकटी दरबारात शिरते, राजाच्या आवडत्या सल्लागाराला उचलून नेते आणि तिच्यापुढे नायकाची नामांकित तलवारही निकामी ठरते. कवीने तिला राक्षसीण म्हटले असले तरी तिचे कारण माणसाचे आहे. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका याच कुळातली. दूध घालायला गडावर गेलेली ही बाई दरवाजे बंद झाल्यावर अंधारात कडा उतरते, कारण खाली तान्हे बाळ भुकेले आहे. तिचे साहस घरी परतण्याचे आहे आणि त्याची मुदत बाळाच्या पोटाने ठरवलेली आहे.

आधुनिक कादंबरीत हा धागा उशिरा उचलला गेला. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘तेहानू’मध्ये (१९९०) त्याच मालिकेतल्या आधीच्या पुस्तकातली तरुण पुजारीण मोठ्या मुलांची विधवा आई म्हणून भेटते आणि भाजलेल्या, टाकून दिलेल्या एका मुलीला वाढवते. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या ‘पॅलाडिन ऑफ सोल्स’ची (२००३) नायिका चाळिशीची राजमाता आहे. मुलगी सिंहासनावर बसल्यावर आपले काय उरले, हा तिचा प्रश्न. एन. के. जेमिसिन यांच्या ‘द फिफ्थ सीझन’मध्ये (२०१५) नवऱ्याने लहान मुलाला मारून मुलीला नेले आहे, बाहेर जग कोसळत असताना आई मुलीच्या मागावर निघते. या मालिकेच्या तिन्ही भागांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे विज्ञानकथा आणि अद्भुतरम्य साहित्यासाठीचे ह्यूगो पारितोषिक मिळाले.

अशी व्यक्तिरेखा रचताना सर्वांत आधी मुलाचे वय ठरवावे लागते. बाकीचे कथानक त्यावरून ठरते. नवजात बाळाला चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा पाजावे लागते. म्हणजे आईची सलग झोप, पहारा किंवा प्रवास दोन-तीन तासांच्या तुकड्यांत होतो, आणि रात्रभराची घोडदौड दाखवायची तर बाळ कोणाजवळ आहे हे सांगावेच लागते. अंगावर पाजणारी आई बाळापासून तुटली तर काही तासांतच स्तन दगडासारखे होतात, दूध कपड्यांतून झिरपते. ते पिळून काढले नाही तर गाठी धरतात आणि पुढे तापही भरू शकतो. चिलखत घातलेल्या नायिकेला हे चुकत नाही. पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्तीच्या लागतात, तेव्हा शिधा संपत आल्याचा प्रसंग तिच्यासाठी इतरांपेक्षा आधी येतो. गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे सहा आठवडे जातात. बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी तलवार घेऊन उभी राहणारी राणी वाचकांतल्या आयांना हमखास हसवते. पाच-सहा वर्षांचे मूल पायी चालते, पण वाटेत थांबते, प्रश्न विचारते आणि लपायच्या जागी नेमके बोलते. बारा-तेरा वर्षांचे मूल खोटे बोलू शकते, आणि आईवर रागावून शत्रूकडेही जाऊ शकते. कथेच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध वय हेच.

फसते ते बहुधा तीन ठिकाणी. लढाई सुरू झाली की मूल चार-पाच प्रकरणे गायब होते आणि शेवटी आईच्या कुशीत सापडते. किंवा आईची सगळी शक्ती फक्त मूल धोक्यात आल्यावर जागी होते, एरवी तिला ना कसब ना मत. तिसरी चूक बलिदानाची : मरणे लिहायला सोपे असते, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उठणे अवघड.

दैनंदिन जीवनातली माता-नायिका या तिसऱ्या मुद्द्यापाशीच सुरू होते. तिच्या कामाचा मोठा भाग दिसत नाही. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये घरातल्या बौद्धिक श्रमाचे चार टप्पे मांडले : गरजेचा अंदाज घेणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि मागोवा ठेवणे. मुलाचे बूट घ्या. ते महिनाभरात चावू लागणार हे ओळखणे पहिला टप्पा. कुठले टिकतील याची चौकशी दुसरा. खरेदी ठरवणे तिसरा. आठवडाभर टाचेवर फोड येत नाही ना हे बघणे चौथा. त्यांच्या अभ्यासात निर्णय जोडीने होताना दिसले, पहिला आणि चौथा टप्पा मात्र मुख्यतः बायकांकडे होता. ‘काय करायचे ते सांग, मी करतो’ या वाक्याने भार हलका होत नाही तो यामुळेच. अंदाज आणि मागोवा तिच्याकडेच राहतात.

वेळेचा हिशेबही उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार घरातल्या बिनपगारी कामाचे ७६.२ टक्के तास स्त्रिया भरतात : रोज सरासरी ४ तास २५ मिनिटे, पुरुष १ तास २३ मिनिटे. या कामाला ‘आईची माया’ म्हणून गौरवण्यात एक सोय दडलेली असते. गौरव केला की वाटणीचा प्रश्न निघत नाही. म्हणूनच ‘सुपरमॉम’ हे विशेषण अनेक आयांना खटकते.

हे काम थांबले तर काय होते, याचा दाखला आइसलंडमध्ये आहे. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी नोकरी, स्वयंपाक आणि मुलांची देखभाल एका दिवसासाठी बंद ठेवली. अनेक शाळा, दुकाने, कारखाने अडले. वडील मुलांना घेऊन कामावर गेले. डिमीटरचा मार्ग तोच होता, फक्त इथे मुदत एका दिवसाची होती. पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, देशाच्या संसदेने स्त्री-पुरुष समानतेचा कायदा संमत केला.