आधी काहीही न ठरवता

मे १९४९. पियानोवादक लेनी ट्रिस्टानो न्यूयॉर्कमध्ये कॅपिटॉल कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करत होता. नेहमीच्या रचनांच्या जोडीने त्याने साथीदारांकडून एक वेगळाच खेळ करून घेतला. पट्टी नाही, लय नाही, धून नाही, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ) नाहीत. कोणी कोणाच्या मागून शिरायचं, एवढंच ठरलेलं. कंपनीला ह्या मुद्रणांचं काय करावं ते कळेना, आणि सुरुवातीला तिने ती बाजारात आणायलाच नकार दिला.

फ्री इम्प्रोव्हायझेशनचा, म्हणजे आधी काही न ठरवता त्या क्षणी सुचेल ते वाजवण्याचा, इतिहास बरेचदा इथून सांगतात. मला मात्र त्यातलं ‘एवढंच ठरलेलं’ जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढच्या सगळ्या मंडळींनी ‘काहीच ठरवायचं नाही’ म्हणत म्हणत काही ना काही ठरवलंच. जे त्यांनी ठरवलं नाही, ते वाजवायच्या खोलीने ठरवलं.

अमेरिकेतली पुढची हकिकत जॅझप्रेमींना माहीत असते. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने डिसेंबर १९६० मध्ये चार-चार वादकांच्या दोन चौकड्या एकाच वेळी वाजवायला बसवल्या आणि सदतीस मिनिटांचं सलग वादन मुद्रित केलं. पण त्यातही मधूनमधून बांधलेले तुकडे येतात आणि खाली ठेका चालूच असतो. जॅझची चौकट तिथे ताणली गेली, सुटली नाही.

ती सुटली शेफील्डमध्ये, एका पबच्या वरच्या खोलीत. १९६३ च्या सुमारास गिटारवादक डेरेक बेली, ड्रमर टोनी ऑक्सली आणि डबल बास वाजवणारा गॅव्हिन ब्रायर्स असे तिघे ‘द ग्रेप्स’च्या माडीवर जमू लागले. बेली पोटासाठी क्लबांत आणि नाचाच्या बँडमध्ये वाजवायचा, ब्रायर्स तत्त्वज्ञान शिकत होता. सुरुवात साध्या जॅझने झाली. मग आधी ताल सैल झाला, मग कॉर्ड गळाल्या, शेवटी धूनही गेली. गटाला नाव दिलं ‘जोसेफ होलब्रुक’, एका विस्मृतीत गेलेल्या इंग्रज संगीतकाराचं. ह्यातला मिस्कीलपणा त्यांच्या वादनाला शोभणाराच होता. तीन वर्षांच्या ह्या खटाटोपातून पुढे लोकांना ऐकायला मिळाली ती जेमतेम दहा मिनिटांची एक तालीम. १९६६ मध्ये गट मोडला आणि ब्रायर्सने इम्प्रोव्हायझेशनकडे पाठच फिरवली. त्याचा आक्षेप असा, की ह्या संगीतात वाजवणारा आणि वाजवलेलं वेगळं काढता येत नाही. रचना कशी तिच्या कर्त्याशिवायही उभी राहते! हा आक्षेप आजही कोणी पुरता खोडून काढलेला नाही.

बेली लंडनला आला तेव्हा तिथे जागा तयार होती. जानेवारी १९६६ पासून ड्रमर जॉन स्टीव्हन्सने लिटल थिएटर क्लबमध्ये बस्तान बसवलं होतं. नाटक आटोपून प्रेक्षक घरी गेले की रात्री ही मंडळी वर चढायची. श्रोते कधी कधी वादकांपेक्षाही कमी. स्टीव्हन्स, ट्रेव्हर वॉट्स आणि पॉल रदरफर्ड यांची ओळख हवाई दलाच्या बँडमधली. म्हणजे शिस्तीत वाढलेले लोक. स्टीव्हन्सच्या ‘स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल’चा नियमही तसाच रोखठोक होता: शेजारचा ऐकू येत नसेल तर तुम्ही फार मोठ्याने वाजवताय. नवशिक्यांना तो एक सराव द्यायचा. वाद्यातून निघेल तितका आखूड आवाज काढायचा, बस. सगळे एकदम टिकटिक करू लागले की हळूहळू त्यातून वीण दिसू लागायची.

त्याच शहरात १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘एएमएम’चा मार्ग नेमका उलटा. स्टीव्हन्सकडे ठिपके, तर इथे थर. एडी प्रेव्हो, लू गेअर आणि कीथ रो ह्या तिघांनी तो गट काढला. रो मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी. जॅझ बँडमध्ये असताना त्याने नव्या वर्षाचा संकल्प केला, की आता गिटार सुरात लावायची नाही. चित्रकार जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरतो, मग गिटार गळ्यातच का, असं म्हणत त्याने ती टेबलावर आडवी टाकली. त्यामुळे बोटांची सवयच मोडली. तारांवर स्प्रिंग ठेव, सुरी घास, छोटा पंखा फिरव, हे सगळं करता येऊ लागलं. शेजारी ट्रान्झिस्टर असायचा. तो चालू केला की त्या क्षणी हवेत असेल ते, बातम्या असोत की नाचाचं गाणं, सरळ मैफिलीत शिरायचं. १९६६ मध्ये त्यांना येऊन मिळालेला संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू हा जर्मन संगीतकार स्टॉकहाउजनचा एकेकाळचा साहाय्यक. त्या वेळी तो वादकांसाठी रेषा-आकृत्यांचा १९३ पानांचा एक आलेख रेखाटत होता, ज्यात कसं वाजवायचं ह्याची एकही सूचना नव्हती. एएमएममध्ये बरेचदा आवाज कोणाचा हे वाजवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. गंमत अशी, की पुढे कार्ड्यू आणि रो माओवादाकडे वळले आणि त्यांना हेच संगीत लोकांपासून तुटलेलं वाटू लागलं.

युरोपात इतरत्र सूर वेगळा होता. रोममध्ये १९६४ पासून ‘नुओवा कॉन्सोनान्झा’ हा संगीतकारांचाच गट वाजवत होता. त्यात ट्रम्पेट घेऊन बसायचा चित्रपट-संगीतकार एन्निओ मोरिकोने. १९६६ मध्ये तिथेच जमलेल्या ‘मुझिका एलेत्रोनिका व्हिवा’च्या अमेरिकन पोरांनी काचेच्या तावदानाला आणि तेलाच्या डब्याला मायक्रोफोन चिकटवले. ॲमस्टरडॅममध्ये पियानोवादक मिशा मेंगेलबर्ग आणि ड्रमर हान बेनिंक विनोदालाच वाद्य समजत होते. जर्मनीत सॅक्सोफोनवादक पेटर ब्रोट्झमानने मे १९६८ मध्ये ब्रेमेनच्या एका क्लबात आठ जणांना घेऊन कानठळ्या बसवणारं वादन मुद्रित केलं आणि त्याच्या ३०० प्रती स्वतःच काढल्या. हा स्वावलंबनाचा धडा सगळ्यांनी गिरवला. बर्लिनमध्ये १९६९ ला एफएमपी आणि लंडनमध्ये १९७० ला इंकस ह्या रेकॉर्ड कंपन्या वादकांच्या पुढाकारातूनच उभ्या राहिल्या.

मुक्ततेतही कोणाची मुक्तता, हा प्रश्न उशिरा आला. १९७७ मध्ये गायिका मॅगी निकल्स, बसूनवादक लिंडसे कूपर आणि त्यांच्या मैत्रिणींनी ‘फेमिनिस्ट इम्प्रोव्हायझिंग ग्रुप’ काढला, तोवर ह्या खोल्या जवळजवळ पुरुषांच्याच होत्या. भांडी, झाडू असा घरकामाचा पसारा त्यांनी रंगमंचावर आणला. काही पुरुष वादकांनी नाकं मुरडली.

ह्याच सुमारास बेलीने एक अडचण ओळखली. तीच माणसं वर्षानुवर्षं एकत्र वाजवू लागली की न ठरवताही सगळं ठरून जातं. म्हणून १९७६ पासून ‘कंपनी’ ह्या नावाखाली तो एकमेकांशी फारशी ओळख नसलेले वादक मुद्दाम एकत्र आणू लागला. इम्प्रोव्हायझेशनवर त्याने लिहिलं तेव्हा सुरुवात भारतीय संगीतापासून केली होती. रागातली उपज, फ्लेमेंको, जॅझ ह्या सगळ्यांना स्वतःची बोली असते. आपण वाजवतो त्याला कोणतीच बोली नाही, असं त्याचं म्हणणं. हा दावा मला पूर्ण पटत नाही. बेलीचे दोन स्वर ऐकले तरी बेली ओळखू येतो. मग ती बोली नाही तर काय?

एकविसाव्या शतकाच्या तोंडावर मात्र खोलीने पुन्हा डोकं वर काढलं. टोकियोत २००० ते २००५ ह्या काळात ‘ऑफ साइट’ नावाची एक जागा होती, जुन्या घरात थाटलेली. भिंती पातळ, शेजार खेटून. मोठा आवाज काढला की तक्रार. तिथे तोशिमारू नाकामुरा मिक्सर (वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र करणारं यंत्र) घेऊन बसायचा, पण मिक्सरला कोणतंही वाद्य जोडलेलं नसायचं. बाहेर पडणारी तार त्याच यंत्राच्या तोंडात परत खोचलेली. यंत्र स्वतःचाच आवाज गिळून गुणगुणू लागायचं. बटण केसभर फिरवलं की कधी बारीक शीळ, कधी खरखर, कधी काहीच नाही. तेच बटण परत तितकंच फिरवलं तरी तोच आवाज येईल ह्याची खात्री नाही. साचिको एम सॅम्पलरमधले, म्हणजे आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्रातले, सगळे नमुने काढून टाकून नुसता एक सरळ, टोचणारा स्वर धरून ठेवायची. मध्येच बाहेरच्या रस्त्यावरून कोणी गेलं तर तेही ऐकू यायचं.