युवकांची मानसिक लवचिकता

ताण, अपयश, वियोग किंवा हलाखी यांतून जाताना मनाचा तोल सावरण्याची आणि पुन्हा नेहमीच्या जीवनक्रमाला लागण्याची क्षमता म्हणजे मानसिक लवचिकता. तो केवळ जन्मजात कणखरपणा नव्हे. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतील कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, कौटुंबिक कलह, पालकांचे मानसिक आजार अशा अनेक आपत्ती एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार प्रौढ झाली. आईवडिलांचा आधार अपुरा पडला, तरी आजी, शेजारी वा शिक्षक अशा एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाची माया त्यांना तारून गेली, असे या अभ्यासातून पुढे आले.

अंगावर आलेले काम आपण निभावू शकतो हा विश्वास, म्हणजेच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वसामर्थ्याची कल्पना, हा यातील कळीचा घटक होय. तो उपदेशाने येत नाही. लहानसहान कामे प्रत्यक्ष तडीस गेल्याने रुजतो. अपयशाचा अर्थ कसा लावला जातो, हेही तितकेच निर्णायक ठरते. ‘या वेळी गणित राहिले’ असे म्हणणारा विद्यार्थी पुन्हा अभ्यासाला बसतो, तर ‘मला काही जमतच नाही’ अशी समजूत करून घेणारा प्रयत्नच सोडून देतो.

सोलापुरात हे घटक विशिष्ट परिस्थितीत काम करतात. शहराच्या पूर्व भागातील अनेक घरांत वडील यंत्रमागावर आणि आई घरीच विड्या वळण्यात गुंतलेली असते. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मोजली जात असल्याने संध्याकाळी तेंदूपाने कातरणाऱ्या आईशेजारी बसून अभ्यास करणाऱ्या मुलाला घरखर्चाची ओढाताण न सांगता कळते. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी मुले दोन्हीकडे सहज वावरतात. मात्र त्यांच्या उच्चारांची टिंगल झाली, तर वर्गात हात वर करण्याचे धैर्यही ओसरते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्याला गेलेल्यांवर घरच्यांच्या आशेचे ओझे असते आणि गल्लीतला रोजचा आधार तुटलेला असतो. अशा वेळी ‘खंबीर हो’ एवढेच सांगणे अपुरे आणि अन्यायकारकही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातील दर सातांपैकी एकाला मानसिक विकार असतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप व भूक बिघडली, आवडीच्या गोष्टींतून मन उडाले, तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. जीव नकोसा वाटू लागल्यास तेवढीही वाट पाहू नये. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य समुपदेशन देते.