प्रोसेसर ऐकून पारखायचाय? आधी आवाजाची पातळी जुळवा

होम थिएटरचा नवा प्रोसेसर, म्हणजे डिस्कवरचा आवाज उलगडून प्रत्येक स्पीकरला वाटून देणारं यंत्र, घरी लावल्यावर 'जुन्यात जास्त दम होता' असा फोन आम्हाला वारंवार येतो. आमचा माणूस जाऊन बघतो, तर बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं. जुनं आणि नवं दोन्ही व्हॉल्यूमच्या एकाच आकड्यावर ठेवून ऐकलेलं असतं, एवढंच. यात तुमची सुट्टी जाते आणि आमची एक फेरी.

डिस्प्लेवरच्या आकड्यावर विसंबू नका. एका कंपनीचे उणे २० आणि दुसरीचे उणे २० स्पीकरमधून सारख्याच जोराने येतील असं नाही. फरक एक डेसिबलचा असला तरी कानाला तो 'मोठा' असा कळतच नाही; 'स्वच्छ', 'भरदार', 'संवाद उठून येतात' असा वाटतो. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. म्हणजे जे यंत्र किंचित जोरात वाजतं, तेच जिंकतं.

म्हणून आधी टेस्ट टोन, म्हणजे प्रोसेसरमधलाच चाचणीचा एकसारखा आवाज, लावा. नेहमीच्या जागी, कानाच्या उंचीवर आवाज मोजायचा मीटर धरून प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलवर आणा. मीटर सी वेटिंग (खर्जही धरून मोजणारी सेटिंग) आणि स्लोवर (आकडा सावकाश हलतो ती सेटिंग) हवा. मीटर नसेल तर मोबाइलचं ॲपही चालेल, पण दोन्ही वेळा फोन तोच आणि जागाही तीच ठेवा; इथे आपल्याला फक्त फरक बघायचाय. तो अर्ध्या डेसिबलच्या आत आला पाहिजे. नाइट मोड, म्हणजे मोठे आवाज दाबणारी रात्रीची सोय, दोन्हीकडे बंद. रूम करेक्शन, म्हणजे खोली मोजून आवाज दुरुस्त करणारी सोय, दोन्हीकडे बंद, नाहीतर दोन्हीकडे नव्याने केलेलं. डिस्क एकच आणि ऑडिओ ट्रॅकही एकच, कारण डॉल्बी पद्धतीच्या ट्रॅकमधल्या डायलॉग नॉर्मलायझेशनमुळे (संवादांची पातळी ठरावीक ठेवणारी सोय) पातळी खाली येऊ शकते. तुकडा अर्ध्या मिनिटाचाच घ्या. वायरी बदलण्यात पाच मिनिटं गेली की आधीचा आवाज नेमका आठवत नाही. आणि नुसते स्फोट ऐकू नका. गर्दीत हळू बोललेलं वाक्य कळतंय का, ते बघा.

एवढं केल्यावर, करेक्शन बंद असताना, दोन चांगल्या प्रोसेसरमधला फरक बराच कमी उरतो. विक्रेता असूनही हे आम्ही सांगतो. खरे पैसे वसूल होतात ते रूम करेक्शन आणि बास मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे खर्ज कुठल्या स्पीकरला आणि किती सबवूफरला (फक्त खर्जाचा स्पीकर) पाठवायचा ते ठरवण्यात. आपल्या मुंबईच्या १२ फुटी हॉलमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर घुमतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. करेक्शन घुमणं आवरतं, पण तो खड्डा भरून काढू शकत नाही. त्यासाठी सोफा किंवा सबवूफरच हलवावा लागतो.

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, पाच मिनिटांत चार यंत्रं ऐकवणारे भेटतील. आम्ही एका बैठकीत दोनच ऐकवतो आणि आधी जुळवणीला वेळ घेतो. ते टाळाटाळ म्हणून नाही, तुमचे पैसे चुकीच्या यंत्रात जाऊ नयेत म्हणून. मीटर घेऊन घरी येण्याचं शुल्क आहे. प्रोसेसर आमच्याकडून घेतलात तर ते बिलातून वजा होतं.

येण्याआधी फोन करून वेळ ठरवा. सोबत ओळखीची एखादी डिस्क, सध्याच्या यंत्राचा मॉडेल नंबर आणि हॉलची मापं आणा. सोफा कुठल्या भिंतीला आहे, तेही लिहून आणा.