‘गाडी भरधाव होती’ एवढ्याने का भागत नाही?

अपघातात घरचे माणूस गेल्यावर आमच्या वकील कार्यालयात येणाऱ्या पुष्कळांची समजूत अशी असते की, मृत्यू झाला म्हणजे गुन्हाही शाबीत झाला. तसे होत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या घटना भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१), म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याच्या कलमाखाली येतात व त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. त्याआधीच्या अपघातांना भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३०४-अ आणि त्यातील दोन वर्षांची कमाल शिक्षाच लागू राहते. दोन्हींत सरकार पक्षाला वाजवी संशयापलीकडे दाखवावे लागते की, वाहन आरोपीच चालवत होता, ते त्याने बेदरकारपणे वा निष्काळजीपणे चालवले आणि मृत्यू थेट त्यामुळेच ओढवला.

खटले बहुधा दुसऱ्या मुद्द्यावर अडतात. केवळ वेग जास्त होता एवढ्यावरून बेदरकारपणा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कर्नाटकातल्याच एका ट्रक अपघाताच्या खटल्यात म्हटले आहे. ते रास्तही आहे, कारण महामार्गावर ताशी साठ म्हणजे काहीच नव्हे, पण निपाणीच्या बाजारपेठेत चाळीससुद्धा जीवघेणा. म्हणून साक्षीदाराने पाहिले तेवढे, पण नेमके सांगावे: ट्रक मधली रेघ ओलांडून किती आत आला, ब्रेकची खूण कुठून कुठवर होती, काचेचा चुरा कोणत्या कडेला पडला होता.

उसाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावरच उभी असते आणि दुचाकी मागून आदळते, तेव्हा तशी उभी करणे हाही निष्काळजीपणा ठरू शकतो. मृताची थोडी चूक असली तरी आरोपी सुटतोच असे नाही. मात्र मृत्यूचे निकटचे कारण केवळ तीच चूक असेल, तर गुन्हा टिकत नाही.

आपल्या भागात, म्हणजे कर्नाटकातल्या निपाणीकडे, फिर्याद, महजर म्हणजे जागेचा पंचनामा, आणि कच्चा नकाशा कन्नडमध्ये होतो. सही करण्यापूर्वी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा, कारण ‘एड’ म्हणजे डावी आणि ‘बल’ म्हणजे उजवी, या एका शब्दाच्या गफलतीने चूक कोणाची हेच उलटते. मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रतीही मागून घ्याव्यात.

नुकसानभरपाईचा दावा वेगळा असतो. तिथे पुरावा शक्याशक्यतेवर, म्हणजे कोणाची बाजू अधिक संभवनीय यावर तोलला जातो, त्यामुळे चालक निर्दोष सुटला तरी तो दावा आपोआप बुडत नाही. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. फौजदारी निकालाची वाट पाहत ती दवडू नये.