हायगेन्सचा बारा सोंगट्यांचा प्रश्न

हे संभाव्यतेतलं खूप जुनं कोडं आहे. डच गणितज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याचं जुगारातल्या हिशेबांवरचं छोटंसं लॅटिन पुस्तक १६५७ मध्ये आलं, त्याच्या शेवटी वाचकांनी सोडवायला पाच प्रश्न दिलेत, त्यातला हा दुसरा.

सोंगट्या १२, त्यात ४ पांढऱ्या आणि ८ काळ्या. अ, ब आणि क डोळे बांधून आळीपाळीने एकेक काढतात, पहिली पांढरी ज्याच्या हाती येईल तो जिंकला. तिघांच्या जिंकण्याच्या शक्यतांचं प्रमाण काय?

आता गंमत बघा, काढलेली काळी सोंगटी परत टाकायची की बाजूला ठेवायची हेच प्रश्नात सांगितलेलं नाही! हायगेन्सने परत टाकायची असं धरलं होतं, मग दर वेळी चान्स एक तृतीयांशच राहतो आणि उत्तर येतं ९:६:४. दुसरा डच गणितज्ञ योहान हुडे याने मात्र बाजूला ठेवायची असं धरून गणित केलं, त्यामुळे १६६५ मधल्या पत्रव्यवहारात दोघांची उत्तरं काही जुळेनात.

मला स्वतःला परत न टाकण्याचा प्रकार जास्त सुंदर वाटतो. इथे काळ्या संपत जातात, म्हणून पांढरीचा चान्स ४/१२, मग ४/११, मग ४/१० असा वाढत जातो आणि आठही काळ्या गेल्या की नववी पांढरीच, म्हणजे खेळ नवव्या पाळीच्या पुढे जाऊच शकत नाही. अपूर्णांकांचे गुणाकार करत बसायचीही गरज नाही, बाराच्या बारा सोंगट्या ओळीत मांडल्यात असं समजा, चार पांढऱ्यांच्या जागा ४९५ प्रकारे ठरतात. पहिली पांढरी पहिल्याच जागी असेल असे प्रकार १६५, दुसऱ्या जागी १२०, मग ८४, ५६, ३५, २०, १०, ४ आणि १. अ च्या पाळ्या पहिली, चौथी, सातवी, म्हणून १६५ + ५६ + १० = २३१. तसेच ब चे १५९, क चे १०५. तिन्हींना ३ ने भागलं की ७७:५३:३५.

टक्क्यांत फरक थोडाच आहे, अ ४७.४ वरून ४६.७ वर येतो आणि ब, क चं किंचित वाढतं. कॅरमच्या सोंगट्या पिशवीत घालून घरीही करून बघता येईल.

पुढे स्विस गणितज्ञ जेकब बर्नुलीने हा प्रश्न पुन्हा घेतला, त्याचा ग्रंथ तो गेल्यावर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये बाझेलला छापला गेला. त्यात हे दोन्ही अर्थ तर आहेतच, शिवाय तिसराही आहे: प्रत्येकाकडे स्वतःच्या वेगळ्या बारा सोंगट्या.