६५ किलोहर्ट्झ आले कुठून?

फोंड्याला आमच्या घरी चतुर्थीत माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीच्या) वर एलईडी ट्यूब लागली की स्वयंपाकघरातला रेडिओ घरघरायचा. लावलेली असायची आकाशवाणी पणजी, १२८७ किलोहर्ट्झ. ट्यूबमधला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं सर्किट, ६५ किलोहर्ट्झच्या आसपास स्विच करणारा. असा गोंगाट मूळ वारंवारतेच्या पटींतही उमटतो, आणि ६५ला २०ने गुणलं की १३००. म्हणजे पणजीच्या अगदी शेजारी.

हा ६५चा आकडा एलईडीने शोधलेला नाही, तो अ‍ॅडॉप्टरकडून आला. संगणक वगैरे उपकरणांसाठी वायरीतून मागे जाणाऱ्या गोंगाटाची मोजणी १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. ६५ ठेवलं की दुपटीचे १३०सुद्धा त्या रेषेखाली राहतात. दिव्यांचं सिस्पर १५ हे मानक ९ किलोहर्ट्झपासूनच मोजतं, पण १५०च्या खाली तेही बरंच सैल आहे. त्यामुळे आकडा तसाच टिकला.

खालची मर्यादा जुनी, इलेक्ट्रॉनिक चोकच्या काळातली. २० किलोहर्ट्झखाली गेलं तर कानाला ऐकू येतं. टीव्हीचे रिमोट ३६ ते ३८वर बोलतात, म्हणून चोकवाले तो पट्टाही टाळायचे. वरची मर्यादा उष्णतेची: मॉसफेट, म्हणजे स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर, प्रत्येक वेळी उघडताना-मिटताना थोडी ऊर्जा खातो, आणि बंद बल्बमध्ये ती जायला वाट नसते.

खरी गंमत स्थिरतेची. १९७६मध्ये मिडलब्रुक आणि चूक यांनी कन्व्हर्टरचं, म्हणजे असं स्विच करून व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटचं, सरासरी गणित मांडलं. १९७८मध्ये सेसिल डाइश यांनी करंट-मोडची युक्ती दाखवली: कॉइलमधला करंट ठरल्या शिखराला पोचला की स्विच बंद. एलईडीला करंटच सांभाळायचा असल्याने पुढे ही पद्धत तिला फार मानवली. पण वारंवारता पक्की ठेवली आणि स्विच निम्म्याहून जास्त वेळ चालू राहिला, तर करंटमधली बारीकशी चूक दर फेरीला वाढत जाते. सरासरीच्या गणितात ही खोड दिसतच नाही.

पणजीजवळच्या मालिम मासेमारी बंदरातल्या एका ट्रॉलरचा दिवा माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. २४ व्होल्टची बॅटरी, पाच एलईडी एका माळेत, म्हणजे साधारण १५ व्होल्ट. स्विच ६० टक्क्यांहून जास्त वेळ चालू. ऑसिलोस्कोपवर एक पल्स जाड, एक बारीक, पुन्हा जाड. चिप २८ किलोहर्ट्झवर, पण जोडी दोन पल्सची, म्हणून कॉइल १४वर कुईं करत होती. खलाशांना वाटलं, एलईडीच गेल्या.

यावर उपाय दोन. एक, करंटच्या सिग्नलमध्ये कृत्रिम उतार मिसळायचा. दुसरा, स्विच बंद राहण्याचा वेळच पक्का करायचा. एचव्ही ९९१० ही चिप हे दुसरं करू शकते. मग निम्म्याची अट उरत नाही, मात्र वारंवारता फिरू लागते. ९० व्होल्टची माळ आणि १० मायक्रोसेकंद बंद-वेळ धरा. घरची वीज २३० व्होल्ट असताना तिच्या लाटेच्या शिखराला ७२ किलोहर्ट्झ येतात, १७०ला पडलं की साडेबासष्ट.

आमच्या ट्यूबमध्ये हीच पद्धत होती. संध्याकाळी वाड्यावर व्होल्टेज पडलं की घरघर डायलवर सरकायची. आई बातम्यांसाठी सुई जराशी हलवायची, आणि घटकाभरात घरघर तिथेही यायची.