डोंगरावरचं इंद्रवज्र आणि बाटलीतला ढग

सकाळचं ऊन पाठीशी आणि समोर दरीत धुकं असलं, तर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कधीकधी इंद्रवज्र दिसतं. धुक्यावर आपलीच सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत गोल कडं उमटतं. शेजारी मित्र उभा असला, तरी ते कडं प्रत्येकाला स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्याची नोंद करून ठेवली.

स्कॉटलंडमधल्या अशाच एका इंद्रवज्राने पुढे भौतिकशास्त्राला वेगळी वाट दाखवली.

बेन नेव्हिस हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, 1345 मीटरचा. वर हवेचा दाब आणि तापमान कसं बदलतं हे कळलं, तर वादळांचा अंदाज बांधता येईल, अशी तेव्हाच्या हवामानतज्ज्ञांची आशा होती. 1881च्या उन्हाळ्यात क्लेमेंट रॅग नावाचा गडी रोज पहाटे निघून डोंगर चढायचा, वाटेत आणि माथ्यावर नोंदी घ्यायचा आणि भिजून परत यायचा. त्याच वेळांना खाली पायथ्याशी त्याची बायको नोंदी घेई. (त्याच्या पायपिटीचं कौतुक सगळे करतात, पण खालचे आकडे नसते तर वरच्यांची तुलना कशाशी केली असती?)

1883 साली माथ्यावर दगडी वेधशाळा उभी राहिली. रॅगने प्रमुखपदासाठी अर्ज केला होता, पण त्याला डावललं गेलं. तिथे दर तासाला, रात्रीसुद्धा, नोंद घेतली जाई. हिवाळ्यात दार बर्फाखाली गाडलं जायचं, म्हणून बाहेर पडायला मनोऱ्यातून वाट ठेवली होती. वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बर्फ साचून गोठून जाई. अखेर पैशांअभावी 1904 साली वेधशाळेला कुलूप लागलं.

त्याआधी, सप्टेंबर 1894 मध्ये, चार्ल्स विल्सन हा पंचविशीचा तरुण दोन आठवडे तिथे कामाला गेला. ढगांवर पडणाऱ्या सावलीभोवतीची रंगीत कडी पाहून तो हरखला. हा देखावा प्रयोगशाळेत घडवायचाच, असं ठरवून तो केंब्रिजला परतला.

काचेच्या भांड्यात दमट हवा भरायची आणि ती एकदम प्रसरण पावू द्यायची. हवा गार होते आणि बाष्पाचे थेंब धुळीच्या कणांवर जमतात. विल्सनने धूळ काढून टाकली, तरी जोरात प्रसरण केल्यावर थोडे थेंब दिसलेच! मग ते जमत होते कशावर? हवेतल्या विद्युतभारित कणांवर, म्हणजे आयनांवर. क्ष-किरण हवेत असे आयन तयार करतात, म्हणून ते सोडल्यावर तर भांड्यात दाट धुकं पसरलं.

1911 मध्ये त्याला या भांड्यात किरणोत्सारी कणांच्या वाटाच दिसल्या: कण पुढे निघून गेलेला, मागे त्याने तयार केलेल्या आयनांवर जमलेल्या थेंबांची बारीक पांढरी रेघ. डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या कणाचा माग काढता येऊ लागला. या मेघपेटीसाठी विल्सनला 1927 साली नोबेल मिळालं आणि 1932 मध्ये पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धनभारित कण) सापडला तोही अशाच पेटीत. वेधशाळा मात्र केव्हाच ओस पडली होती.

महाबळेश्वरला, जवळपास बेन नेव्हिसच्याच उंचीवर, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2012 साली मेघभौतिकीची प्रयोगशाळा सुरू केली. तिथे ढग बाटलीत बनवावा लागत नाही. पावसाळ्यात तो आपणहून अंगणात येतो आणि यंत्रं त्याचे थेंब मोजत बसतात.